बारा तासांची ड्यूटी आणि सहा क्वार्टचा स्लो कुकर

शिकागोजवळच्या एका रुग्णालयात मी नर्स आहे. ड्यूटी सात ते सात. घरून सव्वासहाला निघते, परत यायला पावणेआठ वाजतात. अशा घरात स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, उपयोगाचा आहे का, असं इथल्या बऱ्याच मराठी मैत्रिणी विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. माझं मत आधीच सांगते: जरूर घ्या, पण टायमरवाला घ्या, आणि घरचा प्रेशर कुकर आहे तिथेच राहू द्या. दोघांची कामं वेगळी आहेत. हे ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांचा स्लो कुकर महिन्याभरात गराजच्या फळीवर जातो.

माझा सहा क्वार्टचा आहे, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचा. आकार लांबट गोल, आत जाड चिनी मातीचं काढता येणारं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे आकडे दाखवणारी पट्टी. साठेक डॉलर पडले. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण त्या रांगेतले सगळे एकाच धाटणीचे असतात. नाव बघण्यापेक्षा तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली, टायमर. तीस डॉलरला मिळणाऱ्या साध्या कुकरला नुसतं फिरवायचं बटण असतं: लो, हाय, वॉर्म. तो तुम्ही येऊन बंद करेपर्यंत चालूच राहतो. घरी कुणी असेल किंवा आठ तासांत परत येणार असाल तर तो उत्तम, मोडण्यासारखं त्यात काही नसतं. पण मी साडेतेरा तास बाहेर असते. तेवढा वेळ लो वर ठेवलेल्या मटणाचा गाळ होतो. टायमरवाला ठरलेल्या वेळेनंतर आपोआप वॉर्मवर जातो. मी लो दहा तास लावते, पुढचे तीनेक तास तो अन्न गरम ठेवतो. वॉर्म म्हणजे नक्की किती, हे मी मांसात खुपसायच्या थर्मामीटरने मोजलं: ७१ अंश सेल्सियस. अन्न ६० अंशांच्या खाली रेंगाळलं की जंतू वाढायला लागतात, त्यामुळे हा आकडा बघून मला बरं वाटलं. तुमचाही एकदा मोजून घ्या.

दुसरी, आकार. अर्धा ते दोन तृतीयांश भरला तर तो सगळ्यात नीट शिजवतो. तळाशी दोन वाट्या आमटी टाकली तर कडेने करपते. दोघांच्या घरी सहा क्वार्ट आणू नका, तीन पुरे. आम्ही चौघं आहोत आणि दुसऱ्या दिवशीचे डबे असतात, म्हणून सहा. लांबट भांड्यात मटणाच्या नळ्या आडव्या बसतात, गोल भांड्यात त्या एकमेकींवर चढतात.

तिसरी, झाकण. माझ्या झाकणाला भोवती रबरी कड आहे आणि दोन बाजूंना चाप आहेत. गाडीतून भांडं न्यायला हे सोयीचं. पण त्या रबराला कांदा-लसूण चटणीचा वास जो लागतो तो साबणाने जात नाही. मटणानंतर तेच झाकण खिरीवर ठेवलं तर खिरीला वास येतो. कड काढून सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवावी लागते. गोडासाठी मी वेगळी कड मागवून ठेवली आहे. काही झाकणांना कड नसतेच. घरातल्या घरातच वापरणार असाल तर तसलं घ्या.

आता तो काम कसं करतो ते सांगते, कारण हे कळलं की निम्म्या पाककृती आपल्या आपण सुचतात. तापणारी तार भांड्याच्या तळापेक्षा कडेने, पट्ट्यासारखी फिरलेली असते. चिनी माती सावकाश तापते आणि सगळीकडून सारखी ऊब देते. माझ्या कुकरच्या तळाशी २४० वॅट लिहिलंय. दहा तास सलग ओढली तरी वीज अडीच युनिटच्या आत, म्हणजे आमच्या बिलाच्या दराने अर्धा डॉलरही नाही. लो आणि हाय म्हणजे मंद आणि मोठी आच, असा आपला समज असतो. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी, उकळीच्या जरा अलीकडे पोचतात. हायवर तीन-चार तासांत, लोवर सात-आठ तासांत. म्हणून पाककृतीत ‘हायवर चार तास’ असेल तर लोवर आठ, हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. मधे झाकण उघडलं की वाफ निघून जाते आणि वीस-तीस मिनिटं वाढतात. आपल्याला सारखं ढवळून बघायची सवय असते, ती इथे सोडावी लागते.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये ‘स्लो कुक’चं बटण असतं, मग वेगळा कशाला, असं विचारतात. त्यात उष्णता फक्त तळातून येते आणि भांडं पातळ स्टीलचं. मटणाला तिथे वेळेचा अंदाज लागत नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आधी त्यावर करून बघावं, पण त्यावरून स्लो कुकरबद्दल मत बनवू नये.

मटण हे याचं खरं काम. इथल्या हलाल दुकानात बोकडाचं मटण मिळतं, पुष्कळदा गोठवलेलं. खांदा, मान आणि नळ्या मागून घ्या. ज्या तुकड्यांना प्रेशर कुकरमध्ये सात शिट्ट्या दिल्या तरी चिवटपणा जात नाही, तेच इथे सगळ्यात छान होतात. त्यातल्या शिरा आणि पडदे हळूहळू विरघळून रश्श्यात उतरतात, रस्सा ओठांना चिकटतो. उलट बिनहाडाचं लुसलुशीत मटण आणि चिकनचा छातीचा भाग इथे वाया जातो, धागे धागे होऊन कोरडा पडतो. चिकन करायचंच तर मांड्या घ्या, लोवर पाच-सहा तास.

आमच्याकडचा रस्सा असा होतो. अडीच पौंड मटण, आदल्या दिवशी फ्रीजमध्ये पूर्ण सुटं झालेलं. गोठवलेला गोळा तसाच कुकरमध्ये टाकायचा नाही. तो धोक्याच्या तापमानात तासन्‌तास राहतो. रात्री हळद, मीठ, आलं-लसूण लावून स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये. कुकरचंच भांडं भरून फ्रीजमध्ये ठेवणं टाळा. थंडगार चिनी माती तापायला फार वेळ घेते, आणि एकदम धग लागली तर तडकते. वाटणही रात्रीच: उभा चिरलेला कांदा तेलावर तांबूस, सुकं खोबरं चांगलं भाजून, चमचाभर तीळ, कोथिंबीर, दोन लवंगा, दालचिनीचा पेरभर तुकडा. एरवी मी खडा मसाला याच्या दुप्पट घालते. दहा तासांत लवंग आणि दालचिनीचा इतका अर्क उतरतो की नेहमीचं प्रमाण घशाला लागतं.

सकाळी कढईत तेल, त्यात मटण मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं, रंग बदलून कडा जरा लाल होईपर्यंत. मग वाटण, त्याला तेल सुटलं की सगळं कुकरच्या भांड्यात. कढईत दीड कप पाणी घालून खरवडून तेही वर ओतायचं. एवढंच पाणी. झाकणाखाली वाफ कुठे जात नाही, मटणालाही स्वतःचं पाणी सुटतं. बटाटा घालायचा असेल तर तो तळाशी आणि कडेला, मटण त्यावर. ऐकायला उलटं वाटतं, पण या आचेत कंदमुळं मटणापेक्षा हळू शिजतात.

कढईची ही दहा मिनिटं वाचवू नका. ‘सगळं टाका आणि विसरा’ असं खोक्यावर छापलेलं असतं, इंग्रजी पाककृतीही तसंच सांगतात. आपल्या चवीला ते चालत नाही. पाण्यात शिजणारी वस्तू १०० अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा खमंगपणा त्याच्या बराच वर तयार होतो. कच्चा कांदा टाकला तर दहा तासांनी उकडलेला कांदाच मिळतो, तोही गुळचट.

संध्याकाळी घरी आल्यावर उरतं ते पाच मिनिटांचं काम. कढल्यात तीन चमचे तेल कडक तापवायचं, गॅस बंद करून त्यात दोन चमचे कांदा-लसूण चटणी, आणि करपायच्या आत त्यावर डावभर रस्सा. चर्र आवाज येतो, घरभर वास सुटतो. ही तर्री वरून ओतली की दिवसभर निवांत शिजलेल्या त्या भांड्याला जाग येते. चटणी सकाळीच घातली तर रंग विटकरी होतो आणि तिखटाला नुसता जाळ राहतो, स्वाद उरत नाही. पूड केलेले सगळे मसाले, गोडा मसाला, काळा मसाला, यांना हाच नियम: शेवटी, फोडणीतून. रस्सा पातळ वाटला तर झाकण काढून हायवर अर्धा तास, तोवर भाकऱ्या होतात.

कडधान्यांबद्दल मी नर्स म्हणून जरा कडक बोलणार आहे. राजमा कच्चा स्लो कुकरमध्ये घालायचा नाही. भिजवलेलासुद्धा नाही. लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळ उकळल्यावरच मरतं. कुकरमधलं सौम्य तापमान त्याला पुरत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त घातक ठरू शकतो. चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. म्हणून पाच तास तरी भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात गॅसवर खळाखळा उकळा. कमीत कमी दहा मिनिटं लागतात. इथल्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला तीस मिनिटांचा आहे आणि मी तीसच धरते. त्यानंतरच कुकर. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला हे काही नको.

काबुली चणे आणि काळे वाटाणे इथे सुरेख होतात, दाणा अख्खा राहतो आणि आतून लोण्यासारखा. रात्रभर भिजवून, एक उकळी देऊन, लोवर आठ तास. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं काहीही दाणा शिजायच्या आधी घालू नका. आंबटात दाणा मऊ होत नाही, दहा तास ठेवला तरी बोटाला टणक लागतो. तूरडाळ, भात आणि मोड आलेली मटकी मात्र प्रेशर कुकरलाच द्या. मटकीचा इथे गिचका होतो. मासे, कोलंबी, पालेभाज्या यांचा तर प्रश्नच नाही.

आता मला या वस्तूतली सगळ्यात आवडती गोष्ट: खपली गव्हाची खीर. आम्ही कराडकडचे. तिथे ही खीर म्हणजे गहू ओलवून कांडायचा, कोंडा पाखडायचा, भिजवायचा आणि मग चुलीशी बसून राहायचं. इथे निम्मं काम दुकानातच झालेलं मिळतं. अमेरिकेतल्या किराणा दुकानात ‘फारो’ नावाने इटालियन धान्य असतं, ते बहुधा आपली खपलीच, त्याच जातीचा गहू. ‘पर्ल्ड’ लिहिलेलं पाकीट घ्या, त्याचा कोंडा काढलेला असतो. एक कप फारो रात्रभर भिजवून सकाळी उपसायचा. भांड्याला आतून तूप चोळायचं, त्यात फारो, पाच कप पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. लोवर आठ तास.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या आणि माझा हात गुळाच्या डब्याकडे गेला. “अगं, गुळाची घाई करू नकोस,” त्या म्हणाल्या. “आधी चार दाणे बोटात धरून चिरड. मधे कणी लागली तर अजून शिजू दे. गूळ पडला की गहू जिथल्या तिथे थांबतो.” त्यांनी स्वतःच दाणे घेतले, अंगठ्याखाली दाबले, ते लोण्यासारखे पसरले आणि मधली पांढरी रेघ कुठे दिसेना, तेव्हा “आता घाल” म्हणाल्या. दाणा फुलून फाटलेला, पण अख्खा ओळखू येणारा, आणि भोवती खळीसारखा दाट रस. प्रेशर कुकरमध्ये माझी खीर कधी अशी झालेली नाही. तिथे एकतर कणी राहते, नाहीतर लापशी होते.

मग सवा कप चिरलेला गूळ, वेलची, जायफळ, सुंठ, जरा ठेचलेली बडीशेप, भाजलेली खसखस, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, आणि झाकण तिरकं ठेवून हायवर अर्धा तास. दूध भांड्यात घालू नका, गुळाने फाटतं. वाटीत खीर घेऊन वरून गार दूध आणि तूप. सासूबाई सातारा-सांगलीकडच्या लग्नांतल्या खिरी खाऊन वाढलेल्या. त्यांनी दुसरी वाटी मागून घेतली.

त्यांना या यंत्रात काही नवल वाटलं नाही, त्याचंही कारण आहे. जुन्या चुलीला बाजूला वैल असायचा. मुख्य तोंडावर भाकऱ्या चालल्या की उरलेल्या धगीवर तिथे दूध किंवा कालवण रटरटत राहायचं, कुणी बघायला नको. तीच धग इथे विजेवर आली आहे. आणि ती आली आमच्याच शिकागोमधून, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. वॉर्डातल्या एका ज्यू सहकारिणीकडून पहिल्यांदा कळलं. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधीच घेवडा, बार्ली, बटाटे, मांस एका भांड्यात घालून ते रात्रभर मंद धगीवर ठेवायचं. या पदार्थाला ‘चोलंट’ म्हणतात. शिकागोतले इंजिनिअर अर्व्हिंग नॅक्सन यांच्या आईने त्यांना लिथुएनियातल्या आपल्या गावची आठवण सांगितली होती, तिथे ही भांडी गावच्या बेकरीच्या निवत आलेल्या भट्टीत ठेवत. त्यावरून त्यांनी विजेचं भांडं बनवलं आणि १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने ते विकलं जायचं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या तो काळ. सकाळी सव्वासहाला बटण दाबताना मला त्या बायका जवळच्या वाटतात.

तक्रारीही आहेत. भांडं जड आहे, भरलेलं तर फारच. मनगट दुखणाऱ्या माणसाने ते सिंकमध्ये उचलून धुणं कठीण. मी रिकामं करून ओट्यावरच गरम पाणी भरून ठेवते. तापलेल्या भांड्यात थंड पाणी ओतायचं नाही, तडकतं. ते गॅसवरही चढवायचं नाही. माझ्या कुकरची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते, त्यामुळे खिरीसारखा दाट पदार्थ तिकडे जरा धरतो. तुपाचा हात मी तिथे सढळ लावते. बाहेरचं धातूचं अंग चांगलं चटकतं, लहान मूल घरात असेल तर ओट्याच्या कडेपासून आत सरकवून ठेवा. नव्या कुकरला पहिल्यांदा तापताना जळका वास येतो. आधी नुसतं पाणी भरून दोन तास चालवा, खिडकी उघडून, आणि मगच स्वयंपाक.

उरलेलं शिळं त्यात गरम करायला ठेवू नका, फार सावकाश तापतं. पातेल्यात वाफा येईपर्यंत गरम करून मग पंगतीसाठी त्यात ओतून वॉर्मवर ठेवलं तर चालतं. मंडळाच्या गणपतीत छोल्यांना हा उपयोग फार होतो.

वीज गेली तर आकड्यांवाले बरेच कुकर परत आपोआप सुरू होत नाहीत. तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळत नसेल, तर अन्न शिजलेलं दिसलं तरी टाकून द्या. मटणाची किंमत मनात येते, तरी टाकून द्या.

विजेचाच शेवटचा मुद्दा, कारण आईवडिलांसाठी बॅगेत घालून न्यायचं पुष्कळांच्या मनात असतं. इथला कुकर १२० व्होल्टचा आहे. भारतातल्या २३० व्होल्टवर नुसती पिन बदलून लावला तर तो जळेल. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण ते जड खोकं म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर मला तरी नको वाटतं. त्यांच्यासाठी तिथलाच २३० व्होल्टचा घ्या, तीन लिटरच्या आसपासचा, बटण फिरवायचा. आणि गावाकडे भारनियमन असेल तर तो रात्री झोपताना नको, सकाळी माणसं घरात असताना लावायला सांगा.